सुई आणि बोट यांचा अनपेक्षित संपर्क

रुग्णालयात सुरक्षा सप्ताह चालू असताना पुरुषांच्या वॉर्डातल्या सिस्टरने स्वतःच्या बोटात सुई टोचून घ्यावी, ही गोष्ट व्यवस्थापनाला मुळीच आवडली नाही.

सिस्टरने ती काही हौसेने टोचून घेतली नव्हती. वापरलेल्या सुया टाकायचा डबा गळ्यापर्यंत भरला होता. जुना डबा पूर्ण भरल्याशिवाय नवा द्यायचा नाही, असा भांडाराचा नियम होता. आणि डबा पूर्ण भरला हे कधी सिद्ध होणार, तर त्यात आणखी एकही सुई जात नाही तेव्हा. सिस्टर बिचारी तेच सिद्ध करत होती. तेवढ्यात आधीच आत असलेली, कोणाला वापरलेली कोण जाणे, अशी एक सुई हातमोजा भेदून तिच्या बोटात शिरली.

तिने नळाखाली साबणाने बोट धुतलं. घरी धाकटी अजून अंगावर पीत होती. तिची आठवण झाली आणि सिस्टरने बोट पुन्हा एकदा धुतलं.

वॉर्डातले तरुण डॉक्टर म्हणाले, "ताई, आधी एचआयव्ही टाळायच्या गोळ्या सुरू करा. यात उशीर बरा नाही."

गोळ्या सुरक्षा अधिकाऱ्यांच्या कपाटात होत्या आणि किल्ली त्यांच्या खिशात.

"साहेब, सुई टोचलीय. गोळी द्या."

"टोचली म्हणू नका, सिस्टर. या सप्ताहात आपल्याकडे एकही अपघात झालेला नाही."

"मग हे रक्त कशाचं?"

अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून बोटाकडे पाहिलं. "याला आपण सुई आणि बोट यांचा अनपेक्षित संपर्क म्हणू."

"काय म्हणायचं ते म्हणा, पण गोळी द्या."

"गोळी अपघातासाठी असते," अधिकारी हळहळून म्हणाले. "संपर्काला देता येत नाही."

सिस्टर डोळे पुसत मेट्रनबाईंकडे गेली. मेट्रनबाईंची उभी हयात या रुग्णालयात गेली होती, त्यामुळे त्यांना कशाचंच आश्चर्य वाटत नसे.

"रडू नकोस गं. आत्ता पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक आहे. सुई टोचली तर काय करायचं, ते दाखवायचंय. टोचलेली सिस्टर तू हो."

"बाई, मला खरी गोळी हवीय!"

"खरीच देतात. खोट्या गोळीला मंजुरी आलेली नाही."

प्रात्यक्षिक झकास झालं. सिस्टरने "आई गं!" म्हणताच सुरक्षा अधिकारी विजेसारखे धावले. कपाट उघडलं, गोळी दिली, स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला पुढे केला. सिस्टर हुंदके देत गोळी गिळून मोकळी झाली. मुख्य पाहुणे प्रसन्न झाले. म्हणाले, "व्यवस्था उत्तम आहे. बाईंचा अभिनय तेवढा अंमळ भडक वाटला."

पण गोळ्या महिनाभर घ्यायच्या होत्या. अधिकारी म्हणाले, प्रात्यक्षिक एकदाच असतं. त्यावर मेट्रनबाई गोड आवाजात म्हणाल्या, "रोजच ठेवा की, साहेब. रोज प्रात्यक्षिक करणारं दुसरं रुग्णालय आहे कुठे?"

साहेबांना ते पटलं. मग महिनाभर रोज वॉर्डाच्या दाराशी सिस्टरला खोटी सुई टोचू लागली आणि खरी गोळी मिळू लागली. पेशंटचे नातेवाईक जागा धरून बसत. गोळ्यांनी तिला मळमळून उलटी झाली, तेव्हा तर टाळ्यांचा कडकडाट झाला. घरी धाकटीला वरच्या दुधावर ठेवलं होतं. ती रडून आकांत करी आणि तिच्याबरोबर सिस्टरही रडे. तो भाग प्रात्यक्षिकात घेतलेला नव्हता.

रुग्णालयाला सुरक्षेसाठी बक्षिसाची ढाल मिळाली. पुढे सिस्टरची शेवटची तपासणीही साफ आली. त्या दिवशी तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. पायाच्या जखमेसाठी पुन्हा भरती झालेल्या आजोबांचा मुलगा तिला दारातच भेटला.

"काय हुबेहूब करायचात हो, ताई! आणि आमच्या बाबांना तर तुमच्याशिवाय कोणाचा हात चालत नाही."

आनंदाच्या भरात सिस्टर बोलून गेली, "दादा, मला खरंच टोचली होती. आजच तपासणी साफ आली बघा."

"अरे वा! अभिनंदन!" तो म्हणाला आणि थोडा मागे सरकला. मग मेट्रनबाईंना गाठून हळूच म्हणाला, "बाबांना दुसरी सिस्टर मिळेल का? तसं काही नाही हो, आपलं उगाच."

मेट्रनबाईंनी दुसरी सिस्टर दिली.

आता त्या मुलाला नावं ठेवायला तुम्ही तोंड उघडलंच असेल, तर जरा थांबा. त्या पलंगावर तुमचे वडील असते आणि हीच बाई इंजेक्शन घेऊन आली असती, तर तुम्ही "या ताई" म्हणाला असतात, की आधी तिच्या बोटाकडे पाहिलं असतंत?