झुलेखाबाईंच्या किल्ल्यातला फितूर

सलग तिसऱ्या मंगळवारी किल्ला लुटला गेला, तेव्हा झुलेखाबाईंनी दातांत धरलेल्या टाचण्या काढल्या आणि जाहीर केलं, "आपल्यात कुणीतरी फितूर आहे."

किल्ला मोबाइलवरच्या खेळातला होता. अल्जीरियातल्या त्लेमसेन शहरात नवऱ्या मुलींचे मखमली कफ्तान शिवणाऱ्या झुलेखाबाई या खेळात अकरा जणांच्या टोळीच्या म्होरक्या होत्या. टोळीचे बेत एका ग्रुपवर ठरत. त्यासाठी त्यांच्या जावयाने, नजीमने, मुद्दाम असं ॲप निवडलं होतं की ग्रुपमधल्यांशिवाय कुणाला एक अक्षर कळू नये. ॲप चालवणाऱ्या कंपनीलासुद्धा.

"म्हणजे बाहेरचा कुणी वाचूच शकत नाही?"

"शक्यच नाही, खाल्ती." सासूला तो तिकडच्या रीतीने खाल्ती, म्हणजे मावशी, म्हणायचा. "कुणी मधेच पकडलं तरी त्याला नुसता अक्षरांचा चिवडा दिसेल."

"मग आतलाच आहे."

नजीम हसला. तिथेच तो चुकला.

आधी टोळीतल्या औषधविक्या बूअलेमचा बळी गेला, त्याला ग्रुपमधून काढलं. हरल्यावर तो म्हणे फारच लवकर झोपी जायचा. पुढच्या मंगळवारी पुन्हा लूट. मग बाईंनी उरलेल्यांना दुकानात बोलावलं आणि ॲपमधला साठ आकडी सुरक्षा क्रमांक, जो जुळला की मधे कुणी घुसलेलं नाही हे कळतं, प्रत्येकाला समोर बसवून ताडून पाहिला. दुपार गेली, दोन किटल्या चहा संपला, एकही आकडा चुकला नाही. त्याच मंगळवारी धान्याचं कोठार जळालं.

"कुलूप कुणी बसवलं?" बाईंनी लेकीला विचारलं. "तुझ्या नवऱ्याने. मग किल्ली कुणाकडे असणार?"

"अगं आई, काहीतरीच काय!" विदाद म्हणाली.

पण बाईंनी नजीमला काढून टाकलं. वर टोळीला कळवलं, "तो लुटणाऱ्यांचा माणूस होता." मग शुक्रवारच्या कुसकुसच्या जेवणाला लेक आली नाही, जावईही नाही. दोन शुक्रवार बाई मोठ्या परातीसमोर एकट्या बसल्या आणि मीठ जास्त झालंय असं स्वतःलाच सांगत राहिल्या.

पुढच्या मंगळवारी इख्लास नावाची नवरी नेहमीप्रमाणे माप द्यायला आली. तिच्या कफ्तानावर जरीकाम इतकं होतं की सात आठवडे दर मंगळवारी ती स्टुलावर तासभर उभी राहत होती. बाईंचे हात गुंतलेले. त्यामुळे ग्रुपवरचे निरोप मोबाइल मोठ्याने वाचून दाखवायचा आणि बाई तोंडाने उत्तर सांगायच्या.

"उत्तरेचं फाटक सहा वाजता उघडा. धान्य आत घ्यायचंय," बाई म्हणाल्या.

"पाठवलं," मोबाइल म्हणाला.

स्टुलावरून खाकरल्याचा आवाज आला. "खाल्ती, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"कंबर घट्ट झाली का?"

"नाही हो. मला आता फार लाज वाटायला लागलीय. तुमचा किल्ला जी टोळी लुटते ना, मी तिच्यात आहे."

बाईंची सुई जरीतच थांबली. "मग पहिल्याच दिवशी तोंड उघडायला काय झालं होतं?"

"तुम्हीच म्हणालात, हलू नकोस, बोलू नकोस, टाचणी टोचेल."

बाईंनी सुई तिथेच खोचून ठेवली. मग गिळायचा तो अभिमान गिळून त्यांनी जावयाला फोन लावला.

"नजीम, बाळा, चूक माझी झाली. सगळ्यांसमोर माफी मागते. परत ये."

"आता कसा येऊ, खाल्ती? मी तुम्हाला लुटणाऱ्या टोळीत गेलोय."

"त्यांच्या?"

"मी त्यांचा माणूस आहे असं तुम्हीच सांगितलंत ना? ते त्यांच्या कानावर गेलं. मोठ्या मानाने बोलावून घेतलं त्यांनी. तटबंदी माझ्याकडे दिलीय."

बाईंनी मान वर करून इख्लासकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती.

"बरं, तटबंदी सांभाळ," बाई म्हणाल्या. "शुक्रवारी येणार ना पण?"

"येतो की! विदाद तर कधीची वाट बघतेय तुम्ही बोलवायची." नजीमचा आवाज एकदम मोकळा झाला. "कुसकुस कशाचं करताय?"

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, स्टुलाकडे पाहिलं, आणि मोबाइल घेऊन आतल्या खोलीत गेल्या. दार लावून घेतलं आणि मगच कुजबुजल्या, "कोकराचं."