एक खिडकी आणि धबधबा

त्या घरात वस्तू कधी हरवत नसत. त्या फक्त एकाच व्यक्तीला सापडत. कात्री, सुईदोरा, छत्री, गच्चीची किल्ली, मुलाचे पायमोजे, नातीची कंपासपेटी, यांतलं काहीही हवं असेल तर घराच्या मधोमध उभं राहून हाक मारायची आणि स्वयंपाकघरातून वस्तूचा ठावठिकाणा बाहेर यायचा. जनतेच्या सोयीसाठी म्हणून बड्या कचेऱ्यांनी एक खिडकी योजना अलीकडे काढली. या घरात ती लग्नापासून सुरू होती, आणि खिडकीला जेवणाची सुट्टीही नव्हती.

खिडकीवर बसणाऱ्या बाईंना घरातले सगळे आई म्हणत. फक्त त्यांचा नवरा, जो एका मोठ्या कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाला होता, त्यांना 'सरकार' म्हणे. थट्टेत पडलेलं नाव हुद्दा कधी झालं ते कोणाच्या लक्षात आलं नाही. सरकारांची शाळा जेमतेम सही करण्यापुरती झालेली, पण स्मरणशक्ती अशी की कागदाची गरजच पडू नये. त्यामुळे घराचा सगळा कारभार त्यांच्या डोक्यात होता आणि त्या डोक्यात शिरायला दुसऱ्या कोणाला वाट नव्हती. "माझ्यावाचून या घरातलं पान हलत नाही," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. ही तक्रार होती. सांगताना चेहरा मात्र सत्काराला उभं राहिल्यासारखा व्हायचा.

एका सकाळी त्या अंगाला साबण लावून बसल्या असताना न्हाणीघराच्या दारावर टकटक झाली. मुलाला चिकटपट्टी हवी होती. "खालच्या खणात, मेणबत्त्यांच्या मागे," सरकारांनी डोळे मिटूनच निकाल दिला. पाठोपाठ दुसरी टकटक. खालचा खण म्हणजे नेमका कुठल्या कपाटाचा?

डोळ्यात साबण गेला आणि त्याच क्षणी सरकारांनी धबधब्याला जायचं ठरवलं.

धबधब्याची बातमी त्यांना मैत्रिणीकडून लागली होती. ही मैत्रीण मागच्या गल्लीत शिवणकाम करायची. तोंडात कायम टाचण्या धरलेल्या असत आणि बोलणंही तसंच टोचरं, म्हणून तिचं नावच टाचणी पडलं होतं. बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरायचं, वीटभट्टीच्या मागून शेताच्या बांधाने चालायचं, एक टेकाड ओलांडलं की झाडीत लपलेला धबधबा. चालणं थोडंसंच. तिथे माणूस नाही, दुकान नाही आणि मुख्य म्हणजे फोनला रेंज नाही. "तासभर बसलं तरी कोणी काही विचारत नाही गं," टाचणी म्हणाली होती. धबधब्याची उंची, रुंदी, सौंदर्य यांतलं काहीच सरकारांच्या लक्षात राहिलं नाही. कोणी काही विचारत नाही, एवढंच राहिलं.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी जाहीर केलं की त्या फिरायला जाणार आहेत, टाचणीबरोबर, एका दुपारपुरत्या. मुलगा म्हणाला, जा की. नात म्हणाली, फोटो काढ. प्रश्न सुटत आला होता. तेवढ्यात हेडक्लार्कांनी भाताचा घास थांबवून विचारलं, "चार्ज कोणाकडे?"

कोणताही जबाबदार अधिकारी चार्ज दिल्याशिवाय मुख्यालय सोडत नाही, हे हेडक्लार्कांनी समजावलं. त्यांच्या कार्यालयात एक साहेब चार्ज न देता सासुरवाडीला गेले, तर शिक्क्याच्या पेटीची किल्ली त्यांच्या खिशात गेली आणि जन्मदाखल्यांवर शिक्का न पडल्याने त्या आठवड्यात जन्मलेली मुलं जन्मलीच नाहीत असं धरावं लागलं. सरकारांना हे पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, आवडलं.

चार्ज द्यायला सुरुवात झाली आणि अडचण समोर आली. दुधाच्या पातेल्यावर पिठाच्या डब्याचं झाकण होतं. पिठाच्या डब्यावर साखरेचं. साखरेच्या डब्यावर एक बशी उपडी घातलेली, कारण साखरेचं झाकण पिठावर. आणि दुधाच्या पातेल्याचं मूळ झाकण माळ्यावरच्या बादलीखाली टेकू म्हणून. गच्चीची किल्ली दाराच्या खिळ्याला असे, पाहुणे आले तर मात्र तांदळात. कात्री शिवणाच्या डब्यात नसायची, कारण ती तिथे असते हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

"पण का?" सुनेने विचारलं. सून औषधांच्या दुकानात कामाला होती. तिथे बाटली जागेवर नसेल तर माणूस दगावतो, म्हणून तिला असे प्रश्न पडत.

आजवर सरकारांना 'कुठे' विचारणारे पुष्कळ भेटले होते. 'का' विचारणारं कोणी भेटलं नव्हतं. "आधीपासून तसंच आहे," त्यांनी सांगितलं. हेडक्लार्कांनी आदराने मान हलवली. उभ्या नोकरीत त्यांनी याहून चोख उत्तर ऐकलं नव्हतं.

मग प्रभारी नेमले गेले. मुलगा किल्ल्यांचा प्रभारी, नात दिव्याची बटणं आणि पंख्यांची, सून स्वयंपाकघराची. हेडक्लार्कांनी स्वतःकडे अपील ठेवलं, म्हणजे कोणाला काही सापडलं नाही तर त्यांच्याकडे यायचं आणि त्यांनाही ते सापडणार नाही. पण एवढ्यावर जाणं धोक्याचं होतं. म्हणून रंगीत तालीम ठरली. सरकारांनी बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचं आणि घराने त्या धबधब्यावर आहेत असं समजायचं.

पहिली तालीम चहाच्या वेळेला कोसळली. बाल्कनीच्या दाराआडून हेडक्लार्कांचा आवाज आला, "तू तिथे नाहीस हे मान्य आहे. तुला विचारत नाहीये. पण समजा कोणी माझा चष्मा शोधत असेल, तर त्याने साधारण कुठे बघावं?"

"डोक्यावर बघावं," धबधब्यावरून उत्तर आलं.

तालीम नापास. फिरायला जाणं पुढे ढकललं गेलं. दुसऱ्या तालमीत मुलगा गच्चीत अडकला. सरकारांनी सुस्कारा सोडला आणि टाचणीला निरोप धाडला, की इच्छा खूप आहे गं, पण घर सोडवत नाही. शिवणयंत्र न थांबवता टाचणीने उलट निरोप धाडला, "घर तुला सोडत नाही की तू घराला, ते एकदा बघून घे."

तिसऱ्या तालमीला बाल्कनीकडे कोणी फिरकलंच नाही. आतून भांड्यांचे आवाज येत होते, हसण्याचेही. सरकार बराच वेळ कान देऊन बसल्या. शेवटी पाणी हवंय या सबबीवर त्या स्वतःच आत गेल्या. "आई, तुम्ही धबधब्यावर आहात, पाण्याला काय तोटा?" सून म्हणाली आणि पेला भरून तिने त्यांना परत बाहेर बसवलं. तालीम पास झाली. आता न जाण्याला कारण उरलं नव्हतं.

वीटभट्टी मागे पडली, बांध आला. वाटेत सरकारांनी कितीदा फोन पाहिला याचा हिशेब टाचणीने ठेवला नाही, पण चेहरा हिशेब ठेवल्यासारखा केला. टेकाडावर एक सपाट धोंडा होता. तिथून पाण्याचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. खाली झाडीत थंडावा दिसत होता. टाचणी म्हणाली, "इथून पुढे रेंज जाते. चल."

सरकार धोंड्यावर बसल्या. "तू हो पुढे. मी जरा दम खाते."

टाचणीने त्यांच्याकडे आणि मग फोनकडे बघितलं. आणि ती एकटीच उतरून गेली.

सरकार फोन मांडीवर ठेवून बसल्या. आत्ता दुधाची वेळ झाली असेल. झाकण सापडणार नाही. आता फोन येईल, त्या ओरडतील, आणि मग निर्धास्तपणे खाली उतरतील. एवढंच व्हायचं बाकी होतं. एक फोन. पाणी आपलं पडत होतं, त्याला कोणाची परवानगी लागत नव्हती.

अखेर फोन वाजला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत सरकारांनी तो कानाला लावला. "काय सापडत नाहीये?"

"काही नाही हो आई," सून म्हणाली. "सगळं व्यवस्थित आहे, एवढंच सांगायला केला. तुम्ही अगदी निवांत बसा. उशीर झाला तरी चालेल."

उशीर झाला तरी चालेल. हेडक्लार्कांच्या कार्यालयात माणसाला घरी पाठवताना हार घालून असंच काहीतरी म्हणत असत. सरकार ताडकन उठल्या. टाचणी ओले पाय आणि ओला पदर घेऊन वर आली तेव्हा त्या परतीच्या वाटेला लागल्याही होत्या. बांधावरून त्यांनी एकच विचारलं, "काय होतं गं खाली?"

"पाणी होतं. पडत होतं," टाचणी म्हणाली. मग जरा थांबून, "तुला सांगायला लागेल ना घरी? डावीकडे एक वाकलेलं झाड आहे. पाण्यात पाय सोडले की बोटं बधिर होतात. एवढं पुरे."

घर जागच्या जागी होतं. खरं तर ते प्रथमच जागच्या जागी होतं. दुधावर दुधाचं झाकण, पिठावर पिठाचं, साखरेवर साखरेचं. बशी बशांमध्ये. बादलीखाली विटेचा तुकडा. आणि खिडकीशेजारी नवा खिळा ठोकून त्याला कात्री टांगलेली, कोणालाही दिसेल अशी, उघड्यावर.

सगळ्यांनी धबधब्याची चौकशी केली. सरकारांनी वाकलेलं झाड सांगितलं, बधिर झालेली बोटं सांगितली. सुनेने त्यांच्या कोरड्या पायांकडे पाहिलं आणि चहा पुढे केला.

संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर बसले असताना सरकार उठल्या, खिळ्यावरची कात्री काढली आणि नेऊन ठेवली. कुठे, ते इथे सांगता येणार नाही.

सकाळी मधल्या खोलीतून मुलाची हाक आली, "आई, कात्री कुठंय?" सरकारांच्या कानात जणू धबधबा कोसळला. त्यांनी चहा सावकाश संपवला. "थांब, बघते," म्हणाल्या, आणि कात्री शोधल्यासारखं करायला आधी चष्मा लागेल म्हणून कोनाड्यात हात घातला. कोनाडा रिकामा होता. खिडकीवर नव्हता, उशीखाली नव्हता. त्यांनी डोकंही चाचपून पाहिलं.

"सूनबाई, माझा चष्मा कुठे पाहिलास का?"

सुनेने ओट्यावरून मान वर केली नाही. घाईही केली नाही. "थांबा आई, बघते," ती म्हणाली, हुबेहूब त्याच आवाजात, आणि चहा सावकाश संपवू लागली.

धबधबा अजून तिथेच आहे, धोंडाही आहे. तुम्हाला जायचं असेल तर शेवटच्या थांब्यावर उतरा आणि वीटभट्टीच्या मागून जा. चालणं थोडंसंच आहे. धोंड्यावर मात्र जागा मिळेलच असं नाही, कारण हे वाचता वाचता तुम्हीही मघाशी एकदा आतल्या खोलीकडे कान देऊन पाहिलात, कोणी हाक तर मारत नाही ना. आणि कोणी मारली नाही, तेव्हा बरं वाटलं की वाईट?