दत्तूकाकांच्या गाडीची पोच

गाडीतून उतरून दत्तूकाका सप्रे चार पावलं चालायचे, मग गाडी त्यांना मागून झापायची, आणि ते मागे वळून मान खाली घालून गाडीची माफी मागायचे. हे रोज. काशीतल्या भर मैदागिनच्या पार्किंगमध्ये, आजूबाजूला रिक्षावाले, यात्रेकरू, लस्सीवाला असे सगळे बघत असताना.

झापायची म्हणजे खरोखर झापायची. काका रिमोटचं बटण दाबून म्हणायचे, "चल, जातो." की गाडीतून खणखणीत बायकी आवाज, "येतो म्हणावं! शंभरदा सांगितलं, जातो म्हणू नये माणसानं! कळतंय का?" आणि मागे कुकरची एक लांबलचक शिट्टी. काका दोन्ही हात वर करून, "येतो, येतो!" मग घराकडे.

निघताना 'जातो' म्हणू नये हे साताऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण आम्ही काशीतले मराठी. चार पिढ्या संकठा घाटाच्या वरच्या गल्ल्यांत काढल्या आहेत. दिवसभर बाहेर 'जा रहे हैं' म्हणून आलेली जीभ उंबरठ्यावर पटकन वळत नाही. घरोघरी साताऱ्याकडून आलेल्या सुना आम्हाला वळण लावत असतात. मालतीकाकू त्यातल्याच. गाडीतला आवाज त्यांचा. स्वयंपाकघरात त्या काकांना ओरडत असताना काकांनी मोबाइलवर चोरून टिपलेला.

गाडी विजेवर चालणारी. तिच्यात पेन ड्राइव्हवर टाकलेला कुठलाही आवाज कुलपाला जोडता यायचा. लोक त्यात शंख घालतात, डमरू घालतात. काकांनी बायको घातली.

पार्किंगचा मालक लल्लन याने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "चाचा, ई गाड़ी का बोलत बा?"

"पासवर्ड है," काका म्हणाले.

तेव्हापासून लल्लन प्रत्येक गाडीवाल्याला निघताना "येतो बोलिए, सेफ रहेगी" म्हणून बजावतो. गोरखपूरचे, पाटण्याचे, एकदा तर केरळचे लोक माझ्यासमोर आपापल्या गाड्यांना "येतो" म्हणून देवदर्शनाला गेले आहेत.

हे सगळं गमतीचं वाटत असेल, तर वाटू द्या. मला वाटत नव्हतं. मी आणि माझे तीन मित्र या शहरात आवाजाविरुद्ध मोहीम चालवतो. पहाटे पाचला सुरू होणारे भोंगे, वरातींचे डीजे, विनाकारण वाजणारे हॉर्न, या सगळ्यांविरुद्ध आम्ही पत्रकं काढतो, वाटतो, आणि शिव्या खातो. पत्रकं हिंदीत असतात, कारण मराठीत काढली तर वाचणारी घरं बोटांवर मोजावी लागतील. अशा मुलीच्या डोळ्यांदेखत एक सुशिक्षित, निवृत्त, पेन्शनर माणूस दिवसातून दोनदा सार्वजनिक जागेत खासगी कुकर वाजवतो, हे मी सहन का करावं? घरचा माणूस म्हणून सोडायचं आणि डीजेवाल्याला धरायचं, हा कुठला न्याय? मी काकांवर स्वतंत्र पत्रक काढलं. मथळा होता: 'आपकी रसोई, हमारे कान!'

काकांनी ते उभ्या उभ्या वाचलं. मग खिशातून पेन काढून माझ्या प्रतीवर लिहिलं, 'पोच मिळाली. द. वि. सप्रे.' खाली तारीख.

ही त्यांची जुनी खोड. काका आयुष्यभर रेल्वेत सिग्नलच्या कामात होते. तिथे एका स्टेशनाने निरोप दिला की दुसऱ्याने तो मिळाल्याचं कळवायचं, तेव्हाच गाडी हलते. काकांनी तो नियम घरी आणला. दूधवाल्याने "दो लीटर" म्हटलं की काका "पोच" म्हणतात. तुम्ही त्यांना सणाच्या शुभेच्छा पाठवा, उत्तर येतं, 'पोच'. आणि त्यांनी तुम्हाला काही सांगितलं आणि तुम्ही नुसती मान हलवली, तर ते जिना उतरून तुमच्या मागे येतात. "ऐकलंस, की फक्त हलवलीस? पोच काय?"

मला ते 'पत्रकबाई' म्हणतात.

तर एके सकाळी पत्रकबाईंच्या दारात काका उभे. चप्पल उलटसुलट, शर्टाचं एक बटण खाली. "पत्रकबाई, आंदोलन करायचंय."

"कशाविरुद्ध?"

"गाडीविरुद्ध. नाही, कंपनीविरुद्ध. तू चल तर."

झालं असं होतं की गाडीने पडद्यावर विचारलं, नवीन सॉफ्टवेअर आलंय, घालू का? काकांनी सभ्य माणसासारखं 'हो' दाबलं आणि लल्लनकडे चहा प्यायला बसले. चाळीस मिनिटांनी येऊन कुलूप लावलं. "चल, जातो." गाडी म्हणाली, "टिंग."

काका थांबले. पुन्हा बटण. "जातो." टिंग. लल्लन म्हणतो, त्यांनी सतरा वेळा कुलूप उघडलं आणि लावलं. शेवटी काकू रुसल्या असं वाटून लल्लनच हळूच म्हणाला, "चाचा, चाची रिसिया गइलीं का?"

मी पडद्यावरची टीप वाचली. 'बाहेर वाजणाऱ्या आवाजांबद्दल आलेल्या तक्रारी लक्षात घेऊन कुलपाच्या आवाजाची मर्यादा आता तीन सेकंद करण्यात आली आहे. इतर किरकोळ सुधारणा.'

किरकोळ! माणसाच्या घरातला आवाज विचारल्याशिवाय काढून घ्यायचा आणि त्याला किरकोळ म्हणायचं! माझं डोकं फिरलं. पण फिरता फिरता ते 'तक्रारी' या शब्दावर अडकलं, आणि मला आठवलं की दोन महिन्यांपूर्वी या कंपनीला एक कडक मेल गेला होता. त्यात मागणीही स्पष्ट होती: आवाज तीन सेकंदांच्या आत आणा. खाली सही माझी होती.

मी काही बोलले नाही. मोहिमेत काम करणाऱ्या माणसाने सगळंच बोलायला हवं असं नाही.

ग्राहक सेवेला फोन लावला. माझ्या मोबाइलवर प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होतो. साहेब लोक शब्द फिरवतात म्हणून लावलेली सवय. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मैडम, आप तीन सेकंड का साउंड डाल दीजिए, बजेगा।"

काकांनी फोन माझ्या हातातून घेतला. "बहनजी, इस औरत की बात आप तीन सेकंड में बिठा के दिखाइए। मुझसे चालीस साल में नहीं हुआ।"

तिने तक्रार नोंदवून घेते म्हटलं. काकांनी तीनदा विचारलं, पोच कधी मिळेल. मिळाली नाही.

मग मी आवाज कापायला बसले. 'येतो म्हणावं!' एवढंच ठेवलं, सव्वा सेकंद. काकांनी ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. "ही कोणीतरी शाळेतली बाई आहे." मी 'शंभरदा सांगितलं' ठेवून बघितलं. "ही भांडखोर आहे. तुझी काकू भांडखोर नाही." नुसती कुकरची शिट्टी ठेवली. काका ती पुन्हा एकदा ऐकून म्हणाले, "हे आमच्या कुणाच्याही घरात वाजतं."

त्यानंतर काकांनी गाडी बाहेरच काढली नाही. पोच मिळत नाही म्हणजे कुलूप लागलं नाही, असं त्यांचं शास्त्र. आणि कुलूप न लागलेली गाडी सोडून जायचं कसं? म्हणून ते सकाळी दहाला पार्किंगमध्ये यायचे, लल्लनच्या स्टुलावर गाडीशेजारी बसायचे आणि एक वाजता जेवायला उठायचे. उठताना बटण दाबायचे. टिंग. पुन्हा बसायचे. लल्लन त्यांना ढकलूनच घरी पाठवायचा. असे अकरा दिवस गेले. माणूस आधीच बारीक, त्यात गालफडं बसली.

बाराव्या दिवशी मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "काका, एक सांगायचंय. कंपनीला तीन सेकंदांचा मेल मी टाकला होता."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"प्रत मला पाठवली होतीस की. तू सगळ्यांनाच पाठवतेस. पोचही दिली होती मी." त्यांनी खिशातला मोबाइल काढून दाखवला. खरंच. माझा मेल, आणि खाली त्यांचं एका शब्दाचं उत्तर.

"मग चिडला नाहीत?"

"तुझा मुद्दा बरोबर होता. आवाज फालतू मोठा होता." ते गाडीच्या वायपरकडे बघत राहिले.

मला फार राग आला. कुणाचा ते अजून ठरवता आलेलं नाही. "मग काकूंनाच सांगा ना पुण्याहून नवीन पाठवायला! मोबाइलवर बोलायचं, पाठवायचं. दोन मिनिटांचं काम!"

मालतीकाकू तीन वर्षांपासून पुण्याला मुलीकडे आहेत. नातीला सांभाळायला गेल्या, असं गल्लीला सांगितलेलं. खरं कारण त्यांचे गुडघे. आमची गल्ली म्हणजे पायऱ्या, चढ, मध्ये पसरलेला बैल. काकूंना देवळातसुद्धा जाता येईना. त्यांनी म्हटलं, दोघं पुण्याला जाऊ. काकांनी म्हटलं, काशी सोडणार नाही, आणि त्यांच्या गुडघ्यांसाठी गाडी घेतली. गाडी मैदागिनला आणि गुडघे गल्लीत, मध्ये पाऊण किलोमीटर. काकूंनी एवढंच विचारलं होतं, "ती जिन्यापर्यंत येते का?"

"फोन करतो की मी तिला," काका म्हणाले. "रविवारी. तब्येत, हवा, नात. पोच घेतो, पोच देतो. पण हे कसं मागणार?"

"तोंडाने!"

"तुला एक गोष्ट सांगू? कोणाला बोलू नकोस, पत्रकात तर नकोच." ते स्टुलावर सरकून बसले. "मला काय 'येतो' म्हणता येत नव्हतं होय? लग्नाच्या पहिल्या महिन्यातच शिकलो. पण 'जातो' म्हटलं की ती हातातलं टाकून जिन्यापर्यंत यायची ओरडायला. मग मी रोज 'जातो'च म्हणायचो. मुद्दाम. चाळीस वर्षं."

मी गाडीला टेकून उभी राहिले.

"तिला सोडायला स्टेशनवर गेलो. गाडी सुटायची वेळ. मी वाट बघतोय, आता म्हणेल येते. ती म्हणाली, 'जाते मी.'"

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, पाणी घेतलंस का?"

लल्लन लांबून बघत होता. त्याला मराठी कळत नाही, पण त्याने न सांगता दोन चहा आणून ठेवले.

काकांवर सोडलं असतं तर ते आणखी तीन वर्षं विचार करत बसले असते. मी मोबाइल काढला, काकूंना लावला आणि स्पीकर सुरू केला. काका हातांनी नको नको करत राहिले.

"कोण गं? तू होय!" काकूंचा आवाज तोच, पेन ड्राइव्हमधला. "अजून पत्रकंच वाटतेस का? एखाद्या मुलाला तरी वाटलंस का एक?"

"काकू, मुलं वाचत नाहीत."

"आमचं ध्यान कसं आहे?"

"बसलंय गाडीजवळ."

"जेवतंय का वेळेवर? त्याला म्हणावं, रविवारी हवा कशी आहे हे मला सांगू नकोस, मला टीव्हीवर दिसते. बरं, कुकर चढवलाय, नात शाळेतून येईल. चल, जाते मी."

"येते म्हणावं!"

हे मी नाही म्हटलं. काका स्टुलावरून उठून उभे होते, हात गाडीच्या छपरावर, आणि एवढ्या मोठ्याने ओरडले होते की लस्सीवाल्याने मान वर केली. "येते म्हणावं, मालती! जाते म्हणू नये माणसानं!"

पलीकडे काहीच नाही. मला वाटलं, लाइन गेली. काकांचा हात छपरावरून काचेवर घसरला. मग पुण्यात कुकरची शिट्टी सुरू झाली आणि त्या शिट्टीखालून, ओरडून नाही, अगदी साध्या आवाजात काकू म्हणाल्या, "येते."

फोन बंद झाला.

कॉल अर्थातच रेकॉर्ड झाला होता. तेवढा तुकडा मी काढला. शिट्टीसकट पावणेतीन सेकंद. नियमात बसत होता.

दुसऱ्या दिवशी काकांनी पेन ड्राइव्ह जागेवर घातला, गाडी बाहेरून नीट बंद केली, शर्टाची बटणं तपासली आणि रिमोट दाबला. गाडी म्हणाली, "येते." काकांनी माफी मागितली नाही. "पोच मिळाली," एवढं म्हणाले आणि निघाले.

चार पावलांवर थांबले. वळले. लल्लनजवळ जाऊन त्याची हातांची प्लास्टिकची खुर्ची उचलून बघितली, दाबून बघितली.

"लल्लन, इसमें किसी को बिठा के गली में ऊपर तक ले जाना हो, तो दो आदमी काफी होंगे?"

"आराम से, चाचा. के आवत बा, कौन?"

काकांनी गाडीकडे रिमोट धरला आणि पुन्हा एकदा बटण दाबलं.