साळवेसरांची बुधवारची लिंबं

आमच्या मजल्यावरचे साळवेसर पिकल्या केसांचा माणूस समोर आला की उठून उभे राहतात. म्हाताऱ्या माणसासमोर उभं राहावं असं बायबलात लिहिलंय, म्हणून. ‘लिहिलंय’ हा शब्द उच्चारला की सरांच्या दृष्टीने विषय संपतो. आता सर स्वतःच बहात्तर वर्षांचे. डोकं पांढरंफेक, गुडघे कुरकुरणारे. पण लिहिणाऱ्याने गुडघ्यांचा अपवाद काही लिहिलेला नाही.

त्यामुळे सोसायटीच्या वार्षिक सभेला सर दोन तास उभेच असतात, कारण सभेला येतात ते बहुतेक सगळे निवृत्त. बसमध्ये ज्येष्ठांच्या राखीव सीटवरून उठून ते दुसऱ्या ज्येष्ठाला जागा देतात, तो ‘नको, तुम्हीच बसा’ म्हणतो, आणि दोघांचं होईपर्यंत तिथे तिसराच कोणीतरी बसून मोबाइल काढतो. मी एकदा विचारलं, ‘सर, मग आरशासमोर कसं करता?’ ते शांतपणे म्हणाले, ‘दाढी उभ्यानेच करतो, परब.’

मी केस रंगवतो. मध्यंतरी डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर रंगवले नव्हते. लिफ्टपाशी खुर्ची टाकून बसलेले सर मला पाहून ताडकन उठले. त्याच संध्याकाळी मी बायकोकडून कलप लावून घेतला.

शमुवेल साळवे मूळचे नगरकडचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. शिरवण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यात एका कारखान्यात तेहतीस वर्षं तपासनीस होते. नकाशात बारा मिलिमीटर लिहिलंय आणि पार्ट भरला बारा पूर्णांक एक दशांश, की सर तो बाजूला काढायचे. मालक आला, युनियनवाले आले, तरी पार्ट बाजूलाच. तीच नजर त्यांनी बायबलावर लावली. लोकर आणि ताग मिसळून विणलेलं कापड घालू नये असा एक नियम आहे म्हणे. असं कापड नेरूळमध्ये मिळतं कुठे, देव जाणे, पण सर शिंप्याकडे जाऊन प्रत्येक शर्टाची खात्री करून घेतात.

सगळ्यात गाजला तो मासळीचा नियम. पाण्यातल्या ज्या जीवाला पर आणि खवले आहेत तो खावा, नाही तो खाऊ नये. म्हणजे पापलेट चालतं, बांगडा चालतो, पण कोलंबी, चिंबोरी, माकुल बाद. खाडीकाठच्या गावाशेजारी राहून कोलंबी न खाणारा ख्रिस्ती माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. बोंबलाचं काय, हा प्रश्न सरांनी कारखान्याच्या पद्धतीने सोडवायला घेतला. खिशातून भिंग काढून ते मासळीबाजारात एकेका बोंबलाची शेपटी तपासत होते. टोपलीवाल्या बाईने थोडा वेळ बघितलं आणि मग विचारलं, ‘मास्तर, बोंबील खायाचा हाय का त्याला मुलगी द्याची हाय?’ बोंबलाचा निकाल अजून लागलेला नाही.

याच्या जोडीला दोन गोष्टी होत्या, ज्यांना कुठलं वचन लागू पडतं ते मला कळत नव्हतं. एक म्हणजे लिंबं. दर मंगळवारी सर कापडी पिशवी घेऊन वाशीच्या एपीएमसी मार्केटला जायचे आणि दोन-तीन डझन लिंबं आणायचे. घरात माणसं दोन. सरांना पित्ताचा त्रास, सरबत घेत नाहीत. उरलेली लिंबं मजल्यावर वाटली जायची. आमच्या घरी लोणचं घालून घालून बरण्या संपल्या. कशाला आणता, असं विचारलं तर सर म्हणायचे, ‘लागतात.’ दुसरी गोष्ट फिरण्याची. रोज सकाळी सहाला तळ्याभोवती फिरणारा हा माणूस बुधवारी मात्र भर दुपारी साडेबाराला छत्री घेऊन निघायचा आणि सव्वादोनला घामाने निथळत परत यायचा. मे महिन्यातसुद्धा. असेल काहीतरी लिहिलेलं, म्हणून मी तो नाद सोडला होता.

त्यांच्या चर्चचे पाळक तरुण आहेत, हसतमुख आहेत, आणि सरांनी त्यांना पार थकवलं आहे. एकदा सरांच्या गॅलरीत चहा पिताना दोघांची जुंपली. पाळक म्हणत होते, या जुन्या नियमांतले पुष्कळसे ख्रिस्ती माणसाला बंधनकारक नाहीत, पौलाने तर पत्रात लिहिलंय की कोणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खावं, चौकशा करू नयेत. सर म्हणाले, ‘पत्ता बघा, पाळकसाहेब. ते पत्र करिंथकरांना आहे.’

पाळकांनी बशी खाली ठेवली. ‘बरं. मग मासळीच्या नियमाचा पत्ता काय? तो इस्राएल लोकांना सांगितलेला. तुम्ही सेक्टर वीसचे.’

मी मनातल्या मनात टाळी दिली. दोन दिवस सर कोणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी पाळकांना फोन लावून त्यांनी उत्तर दिलं, ते मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. नियम दुसऱ्याला सांगितला होता हे मान्य, पण मी तो ऐकला, मला तो आवडला आणि मी हो म्हटलं. आता पत्ता चुकला म्हणून हो मागे घेऊ का? बाकीच्यांनी काय करावं ते तुम्ही सांगा. मी माझं सांगतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही शाबूत होता. पण खरं सांगतो, असा माणूस आपल्या भिंतीला भिंत लावून राहतो याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला. मी स्वतः चतुर्थीचा उपास बटाटेवड्यावर मोडणारा माणूस.

साळवेवहिनी याच्या अगदी उलट. रूथ त्यांचं नाव. अलिबागकडच्या, आयुष्यभर नर्स म्हणून नोकरी केलेल्या, बोलायला मोकळ्या. सरांच्या नियमांवर त्या कधी हसल्या नाहीत आणि कधी वादही घातला नाही. गेल्या वर्षी चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन त्या गेल्या. मुलगा परदेशातून आला आणि परत गेला. सर एकटे राहिले. मंगळवारची लिंबं आणि बुधवारचं दुपारचं फिरणं मात्र चालूच राहिलं.

वहिनींना वर्ष होत आलं तशा शिरवणे गावातल्या हिरामावशी काठी टेकत सरांकडे आल्या. सर नवी मुंबईत आले तेव्हा पहिली सात वर्षं मावशींच्या चाळीत भाड्याने राहत होते. चाळीच्या जागी आता चार मजली इमारत आहे आणि मावशी ऐंशीच्या पुढे. मी तिथेच होतो. मावशी आत येताच सर उठून उभे राहिले. मावशी म्हणाल्या, सर बसल्याशिवाय मी बसनार नाय. सर म्हणाले, तुम्ही बसल्यावर मी बसतो. दोघंही उभ्यानेच बोलले.

मावशींचं म्हणणं असं, की रूथ माझी मानलेली बहीण होती. तिला वर्ष होतंय, तर आमच्या रीतीप्रमाणे मी तिच्या नावाने पान वाढणार. वर्षाचा दिवस सोमवारी येतोय, सोमवारी मासळी चालत नाही, म्हणून बुधवार धरलाय. तुम्ही यायचं. एवढं बोलून त्या थांबल्या, आणि मग पदराचं टोक चाळवत म्हणाल्या, ‘पानावर कोलंबी असंल, सर. आता तुमी येवा नायतर नका येऊ.’ आणि निघून गेल्या.

पुढचे चार दिवस सर बायबल घेऊन बसले. अडचण मला समजत होती. मेलेल्या माणसासाठी अन्न, त्यात कोलंबी, आणि नाही म्हणावं तर पिकल्या केसांच्या बाईचा अपमान. गेले नाहीत तर शिरवण्यातलं ते एक घर कायमचं तुटणार होतं, आणि वहिनींची आठवण काढणारं दुसरं घर सरांना उरलं नव्हतं. पाळकांनी फोनवर सांगितलं, खुशाल जा आणि वाढलेलं खा. सरांनी त्यांचे आभार मानले आणि पुन्हा पान उलटलं.

मंगळवारी रात्री जेवणं व्हायच्या आधी त्यांनी माझी बेल वाजवली. म्हणाले, मेलेल्यांना वाहू नये असं लिहिलंय ते दशांशातल्या, म्हणजे देवासाठी काढलेल्या दहाव्या हिश्श्यातल्या अन्नाबद्दल. कोलंबीचा दशांश मी काढलेला नाही. शिवाय वाहणार मावशी, मी नाही. दुसऱ्याने वाढलेल्या पानाशेजारी बसायला मनाई कुठेच लिहिलेली नाही, दोनदा पाहिलं. ‘खाणार नाही. पण बसेन. तुम्ही चला बरोबर.’

बुधवारी साडेबाराला आम्ही निघालो. सरांच्या हातात छत्री आणि ती कापडी पिशवी. मावशींच्या घरात तळमजल्यावर मधल्या खोलीत केळीचं पान मांडलं होतं. कोलंबीचं कालवण, तांदळाची भाकरी, भात. पानाशेजारी वहिनींचा फोटो. मावशींना पाहून सर उभेच राहिले, आणि मावशींनी त्यांना बसा म्हणायच्या आधी हात जोडले.

‘सर, मना माफ करा,’ मावशी म्हणाल्या. ‘दर बुधवारी तिची सुट्टी असायची, तवापासून ती माझ्याकडं येऊन कोलंबी खायाची. रिटायर झाली तरी येत व्हती. मीच करून घालायची. तुमच्यापासून चोरून. आता ती नाय, मना हे पोटात ठेवून मरायचं नाय.’

मी सरांकडे बघायचं टाळलं. आता हा माणूस निघून जाणार अशी माझी खात्री होती. सरांनी पिशवीत हात घातला, दोन लिंबं काढली आणि वाकून पानाच्या कडेला ठेवली.

‘हिला हात धुवायला लागतील,’ ते म्हणाले.

मावशींना काही समजेना. मलाही क्षणभर समजलं नाही.

मग सर सांगत गेले, नेहमीच्याच आवाजात, अहवाल वाचावा तसे. ते स्वतः निवृत्त झाल्यावरचा पहिलाच बुधवार होता. ते बँकेतून परतताना या दारावरून गेले. दार उघडं होतं. रूथ जमिनीवर मांडी घालून बसली होती, बोटं कालवणाने माखलेली, आणि कशावर तरी पोट धरून हसत होती. ‘माझ्या घरात ती इतकी कधी हसली नव्हती, मावशी. मी उलट्या पावली फिरलो आणि तळ्यावर जाऊन बसलो.’ ती घरी आली तेव्हा सरांना वास येऊ नये म्हणून कपड्यांच्या साबणाने हात घासून आली होती. दर बुधवारी घासायची. हाताची सालं निघायला लागली. तेव्हा सरांनी लिंबं आणायला सुरुवात केली आणि मोरीत, साबणाच्या डबीशेजारी ठेवली. तिने विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. आणि ती परतायच्या आधी आपण दारात हजर नको, म्हणून सव्वादोनपर्यंत उन्हात फेऱ्या.

‘मग बोललात का नाय तिला?’ मावशींनी विचारलं. ‘खा म्हनून सांगायचं ना.’

‘सांगितलं असतं तर तिने त्या दिवसापासून सोडली असती. माझ्यासाठी. ती तशीच होती,’ सर म्हणाले. ‘नियम मी घेतला होता, मावशी. तिने नव्हता घेतला.’

मावशी भिंतीला टेकून रडल्या. मग डोळे पुसून आत गेल्या आणि वेगळ्या पातेल्यातला डाळभात घेऊन आल्या. सर चाळीत राहायचे तेव्हापासून त्यांनी सरांसाठी ते एक पातेलं कोलंबीला कधी लावलं नव्हतं. हे मात्र सरांना माहीत नव्हतं. मग वहिनींच्या पानाशेजारी बसून त्यांनी डाळभात खाल्ला, सगळा, एक शीत न टाकता. कोलंबीला हात लावला नाही. लिहिलंय ते लिहिलंय.

जेवण झाल्यावर त्यांनी पानाजवळचं एक लिंबू उचललं आणि मोरीत गेले. डाळभाताचा कसला वास येणार हाताला? पण त्यांनी लिंबू कापून दोन्ही हातांना नीट चोळलं, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा, पाण्याने हात धुतले, आणि मग पाठमोरे उभे राहून ओले तळवे नाकाशी धरले. बुधवारी घरी आलेल्या वहिनींच्या हातांना हाच वास असणार. वर्षभर दर मंगळवारी आणलेल्या लिंबांचं ते काय करत होते, हे मला तेव्हा कळलं. मी मात्र ती लोणच्यात घालत होतो.

साळवेसर हात पुसत मधल्या खोलीत आले तेव्हा मी उठून उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या मागे कोणी म्हातारं आलंय का ते वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. ‘बसा, परब,’ ते म्हणाले. मी बसलो नाही.