साडेदहाचं लख्ख ऊन

सासऱ्यांनी आठ दिवस आधीच सांगून ठेवलं होतं की रविवारी सकाळी साडेदहाला लख्ख ऊन पडेल. रविवार उजाडला आणि सव्वानऊपासून पाऊस भुरभुरायला लागला.

सासरे हवामान खात्यातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं आभाळाशी संसार केल्यामुळे घरातही ते दिशेशिवाय बोलत नसत. "मीठ नैर्ऋत्येच्या फळीवर आहे," असं शांतपणे सांगणारा माणूस. त्यांचे अंदाज कितपत खरे ठरत, हा विषय घरात कोणी काढत नसे. सासूबाई मात्र रोज त्यांचा अंदाज मन लावून ऐकायच्या आणि कपडे वाळत घालताना नेमकं त्याच्या उलट करायच्या. इतक्या वर्षांत त्यांचं एक धुणं भिजलं नव्हतं.

आजचा प्रश्न धुण्याचा नव्हता. धाकटी मुलगी तीन वर्षांनी नवऱ्याला आणि मुलांना घेऊन आली होती आणि बारा वाजता निघणार होती. सगळ्या घराचा एकत्र फोटो काढायचा होता, तोही सासऱ्यांच्या हुकमाने "अंगणात, उन्हात." फोटो काढणार होते थोरले जावई. ते पेशाने फोटोग्राफर, पण सासरे गेली बारा वर्षं त्यांची ओळख एकाच वाक्यात करून देत: "हे आमचे जावई, फोटो वगैरे काढतात." तेवढं एक 'वगैरे' जावयांच्या दातात कायमचं अडकून बसलं होतं. आजच्या फोटोने ते निघावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

दहा वाजता सासरे कडक इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीशी उभे होते. आभाळ राखाडी. "अजून अर्धा तास आहे," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. जावयांना त्यांची दया आली. ते स्वयंपाकघरात सासूबाईंकडे गेले.

"आई, मी ऊन आणतो."

"कुठून?"

"डिकीतून."

त्यांनी गाडीतून फ्लॅश आणला. कॅमेऱ्यापासून लांब, स्टँडवर उभा करायचा आणि रिमोटने उडवायचा. त्यावर केशरी कागद लावला की भर पावसातही कोवळं ऊन पडल्यासारखं दिसतं. पावसासाठी सासूबाईंनी वरून प्लास्टिकची पिशवी बांधली. घरातली माणसं बसणार होती पायऱ्यांवर, पागोळ्यांच्या आत. फ्लॅशला सोयीची जागा म्हणजे पायऱ्यांच्या कडेची, पश्चिमेच्या भिंतीजवळची कपडे वाळत घालायची दोरी. तो कोणाला दिसू नये म्हणून सासूबाईंनी त्याचं तोंड तेवढं मोकळं ठेवून दोरीवर एक चादर टाकली.

"लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ह्यांच्या शब्दावर काहीतरी वाळत घालतेय," त्या म्हणाल्या. चादर तेवढ्यात गळायला लागली होती.

मग वारा सुटला. उजेड मऊ करायला फ्लॅशपुढे लावलेली पांढरी छत्री उडाली ती कुंपणापलीकडे शेजाऱ्यांच्या गाडीवर जाऊन बसली. "जाऊ दे," जावई म्हणाले, "खऱ्या उन्हाला कुठे छत्री असते?" पण आता स्टँडही डुलायला लागला. त्याला खाली वजन हवं होतं. सासूबाई आत गेल्या आणि दोन हातांनी एक पिशवी ओढत घेऊन आल्या.

"ह्यांच्या अंदाजाच्या वह्या. घरात याहून जड काही नाही."

पिशवी स्टँडला टांगली आणि जावयांनी बटण दाबून पाहिलं. अंगण क्षणभर उजळलं. आतून सासऱ्यांचा आवाज आला, "वीज. कोणी बाहेर जाऊ नका. एक... दोन... तीन..."

गडगडाट किती वेळाने येतो यावरून ते विजेचं अंतर काढत. साठपर्यंत मोजूनही काही ऐकू आलं नाही. "वीस किलोमीटरच्या पलीकडे आहे. धोका नाही," त्यांनी जाहीर केलं, तेव्हा कुठे सगळे पायऱ्यांवर येऊन बसले. बसल्या बसल्या सासूबाईंनी सासऱ्यांचा चष्मा काढून घेतला. "काचा चमकतात फोटोत," त्या म्हणाल्या.

साडेदहा वाजले. जावयांनी बटण दाबलं. "पुन्हा वीज. एक... दोन..." सासरे मोजू लागले. नातवंडंही मोजू लागली, आणि दहापर्यंत पोचता पोचता सगळे हसत सुटले. त्या हसण्यात जावयांनी पटापट पाच फोटो काढले. सहाव्याला ओल्या चादरीने दोरी तुटली, चादर चिखलात पडली आणि स्टँड, फ्लॅश, वह्यांची पिशवी सगळं उघडं पडलं. पण सासऱ्यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. "काय पडलं?" त्यांनी विचारलं.

"चादर," सासूबाई म्हणाल्या. "वाळली बहुतेक."

फोटो फार सुरेख आला होता. चेहऱ्यांवर सोनेरी ऊन, भिंतीवर ठसठशीत सावल्या, आणि सगळे मनापासून हसतायत. सासऱ्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ निरखला.

"बघा. साडेदहा म्हटलं होतं," ते म्हणाले. मग कॅमेरा परत देत पुढे, "ऊन चांगलं असलं की फोटो काय, कोणीही काढेल."

बारा वर्षांतला सगळ्यात चांगला फोटो जावयांनी काढला होता आणि त्याचं श्रेय सूर्याला गेलं होतं. पुढे आठ दिवस सासरे येईल त्याला तो भिंतीवरचा फोटो दाखवून आपला अंदाज सिद्ध करत होते.

नवव्या दिवशी त्यांचा फोन आला.

"जावईबापू, येत्या रविवारी आमच्या जुन्या ऑफिसातल्या लोकांचा मेळावा आहे. सकाळी नऊला, बागेत. मी सगळ्यांना लख्ख ऊन सांगून बसलोय आणि खात्याने पाऊस सांगितलाय."

"बरं, बाबा."

"आमचे जावई फोटोग्राफर आहेत, असंही सांगितलंय."

जावई कान देऊन ऐकत राहिले. पुढे 'वगैरे' आलं नाही.

"तेव्हा तो तुमचा दिवा घेऊन या," सासरे आवाज खाली आणून म्हणाले. "वजनाला वह्या मी आणतो. आणि हे बघा, तिथे सगळी हवामानाची माणसं असणार. सकाळची वेळ आहे, या खेपेला सूर्य तेवढा पूर्वेला ठेवा."