मेकॅनिक व प्रगत साहित्य

प्रा. रत्नदीप सरवदे यांना पीएच.डी.साठी मार्गदर्शक मिळत नव्हता, याला सहा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात त्यांनी नावाखाली 'पीएच.डी. (सुरू)' असं छापलेली शेकडो कार्डं वाटून संपवली. सुरू नेमकं काय आहे, हे धम्मप्रियानं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एकदाच विचारलं होतं. तेव्हा त्यांनी उठून पंखा सुरू केला होता.

त्यामुळे बेंगळुरूच्या डॉ. महेश्वरी सोलापुरात आपल्या कॉलेजात येणार हे कळल्यापासून त्यांचं कशात लक्ष लागेना. धातू कसे थकतात आणि कसे तुटतात, यातल्या बाई मोठ्या जाणकार. व्याख्यान होतं 'मेकॅनिक्स अँड अ‍ॅडव्हान्स्ड मटेरियल्स' या विषयातल्या संशोधनाच्या संधींवर. विद्यार्थ्यांना संधी दाखवता दाखवता बाईंची नजर आपल्यावरही पडावी, एवढीच रत्नदीपची इच्छा होती.

फ्लेक्स मराठीतच हवा, असं प्राचार्यांनी सांगितलं. हे काम दुसऱ्या कुणाला जमणार नाही, असं रत्नदीपनी स्वतःच जाहीर केलं. मटेरियल्ससाठी त्यांनी आधी 'पदार्थ' लिहिलं. धम्मप्रिया म्हणाली, बायका डबे घेऊन येतील. मग त्यांना 'साहित्य' सुचलं. बांधकाम साहित्य असतं, शालेय साहित्य असतं, तसं हे प्रगत साहित्य. धम्मप्रिया शाळेत मराठी शिकवायची. ती पुन्हा काही बोलणार होती, पण हा तांत्रिक विषय आहे, असं सांगून त्यांनी तिला थांबवलं.

उरलेलं काम शुक्रवार पेठेतल्या फ्लेक्सवाल्या सिद्धूनं केलं. 'मेकॅनिक्स'मधला 'क्स' त्याला छपाईची चूक वाटला. त्यानं तो न विचारता दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी स्टँडजवळ वीस फुटांचा फ्लेक्स लागला: 'मेकॅनिक व प्रगत साहित्य : संशोधन व शैक्षणिक संधी. प्रवेश मोफत. चहा-नाष्ट्याची सोय.' रत्नदीप स्कूटरवरून त्याखालून चारदा गेले. चारही वेळा त्यांनी फक्त 'संयोजक' या शब्दापुढचं आपलं नाव वाचलं.

कार्यक्रमाच्या दिवशी दहालाच सभागृह भरलं. विज्ञानाला एवढा प्रतिसाद पाहून रत्नदीपना भरून आलं. मग पुढच्या रांगांतून ग्रीसचा वास आला. शहरातले चाळीसेक गॅरेजवाले दुकानं बंद ठेवून आले होते, कारण मेकॅनिकना सरकारी सर्टिफिकेट मिळणार अशी बातमी पसरली होती. त्यांच्या मागे अठरा कवी बसले होते. त्यांतले निवृत्त ग्रामसेवक रावसाहेब कवितांच्या चार वह्या घेऊन वेळापूरहून पहाटेच निघाले होते. कॉलेजचे विद्यार्थी अकरा होते, आणि ते नाष्ट्याजवळ होते.

रावसाहेबांनी नम्रपणे विचारलं, कवितावाचन आधी की परिसंवाद. रत्नदीपच्या तोंडून "नंतर" एवढंच निघालं. हा आपला होकार समजला जाईल, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

बाई इंग्रजीत बोलू लागल्या, रत्नदीप मराठी करू लागले. धातूच्या थकण्याला ते 'क्लांती' म्हणाले. मागून कवींची दाद आली. गॅरेजवाले एकमेकांकडे बघत राहिले. एवढ्यात पडद्यावर ट्रकच्या तुटलेल्या एक्सलचं चित्र आलं, रत्नदीपनी तो 'वळणावर तुटलेला' असं सांगितलं आणि दुसऱ्या रांगेतून तिप्पण्णा मेस्त्री उठले.

"वळणावर तुटलेला न्हाय ह्यो," ते म्हणाले. "आदीच चिरला हुता. लई दिवस चिरत हुता."

प्रश्न शेवटी घेऊ, असं रत्नदीपनी समजावलं. पण मेस्त्री पडद्यापाशी पोचलेही होते. चित्रातल्या गुळगुळीत भागावरून, मग खरबरीत भागावरून ते बोट फिरवत होते. ते बोट बघून बाई पुढे आल्या. मेस्त्री अक्कलकोटकडचे, घरी कन्नड बोलणारे, हे कुणीतरी सांगितलं आणि दोघं कन्नडमध्ये बोलू लागले. रत्नदीपना कन्नड येत नव्हतं. ते मध्ये उभे राहून पंधरा मिनिटं मान हलवत होते. त्यांना 'एक्सल' आणि 'सर' हे दोनच शब्द कळले. 'सर' म्हटल्यावर दोघंही हसले.

काय चाललंय ते शेवटी एका गॅरेजवाल्यानं सांगितलं. मोहोळ रस्त्यावरच्या आपल्या गॅरेजात मेस्त्रींनी सत्तावीस वर्षांतला प्रत्येक तुटका एक्सल ठेवला होता. प्रत्येकावर ट्रकचा नंबर, माल आणि रस्ता ऑइलपेंटनं लिहिला होता. बाईंनी लॅपटॉप मिटला आणि गाडी मागवली. सगळे गॅरेजवाले मागोमाग निघाले. रत्नदीपही धावले, फाटकापर्यंत, आणि तिथून रस्त्यावर थोडं. गाडी थांबली नाही.

ते धापा टाकत परतले तेव्हा रावसाहेब मंचावर होते. उशिरा आलेल्या प्राचार्यांनी त्यांनाच पाहुणे समजून शाल-श्रीफळ दिलं आणि धातुशास्त्रातल्या त्यांच्या योगदानाचा गौरव केला. रावसाहेबांनी आभार मानून दुसरी वही उघडली.

पुढचा आठवडा रत्नदीप मेमोची वाट बघत होते. आला तो बाईंचा मेल. त्या एक्सलांवर तीन वर्षांचा संशोधन प्रकल्प होणार होता. तिप्पण्णा मेस्त्री विशेष तज्ज्ञ. त्यांच्या हाताखाली नोंदी करायला एक माणूस हवा होता, त्याला त्यावर पीएच.डी. करता येईल, मार्गदर्शक बाई स्वतः. तुमचं नाव मेस्त्रींनी सुचवलंय, असं शेवटी लिहिलं होतं.

रत्नदीपनी मेस्त्रींना फोन करून विचारलं, माझंच नाव का.

"तुमी गाडीमागं पळत आला हुता की," मेस्त्री म्हणाले. "मला वाटलं, गडी गरजू हाय."

पहिल्या सोमवारी रत्नदीप इस्त्रीचा शर्ट घालून, वही घेऊन गॅरेजात गेले. मेस्त्रींनी वही कपाटात ठेवली आणि रॉकेलचा डबा आणि तारेचा ब्रश त्यांच्या हातात दिला. गंज निघाल्याशिवाय काही दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. दुपारपर्यंत चार एक्सल झाले. शर्ट तर पहिल्यालाच काळा झाला होता.

तेवढ्यात एक ट्रकवाला आला. हे कोण, असं त्यानं विचारलं.

"नवीन हायत," मेस्त्री म्हणाले. "शिकाय लागलेत."

ट्रकवाल्यानं रत्नदीपकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वय जरा जास्त हाय की."

चौदा वर्षं आपण इंजिनिअरिंग शिकवतोय, हे सांगायला रत्नदीपनी तोंड उघडलं. मग समोरच्या एक्सलवर, नुकत्याच उघड्या पडलेल्या चिरेकडे त्यांचं लक्ष गेलं.

"व्हय," ते ब्रश न थांबवता म्हणाले, "जरा उशीरच झाला."