मले दचकवून दाखवा

रितिकाले "हो" म्हणायच्या आधी मी निदान मेथी तरी निवडून घ्यायले पाहिजे होती. पण नात समोर उकिडवी बसून म्हणते, "आजी, आमच्या पोस्टरवर तुझा फोटो पाहिजे." आता माझ्या वयाच्या बाईले फोटो कोण मागते? (आधार कार्डवाल्यानं मागितला होता. तो पाहून मीच घाबरली होती.) मी जुडी तशीच टाकली आन् कवळी घासायले गेली.

रितिका बारावीले आहे. तिनं आन् तिच्या दोस्तानं, प्रशिकनं, कॉलेजच्या स्पर्धेसाठी खऱ्या पोरापोरींवर फिल्म बनवली. केस रंगवले म्हणजे गांजेटी, पोराशी बोलली म्हणजे वाया गेली, कानात वायर म्हणजे बिनकामाचा, असं लोक पाहताक्षणीच ठरवून टाकतात ना, त्याच्यावर. उन्हाळाभर दोघं त्याच्यापायी नागपूरचं ऊन खात फिरले. आता पोस्टर संध्याकाळी सहाच्या आत छापायले गेलं नाही, तर फिल्म स्पर्धेतून बाद.

"मले करायचं काय?"

"काही नाही. पोरांकडे पाहून शॉक लागल्यासारखं तोंड करायचं. म्हाताऱ्या बाया करतात तसं."

मी ठेवणीतलं पातळ नेसली, पावडर लावली. तेवढ्यात प्रशिक आला. केस जांभळे, भुवईत बाळी, पँट गुडघ्यावर फाटलेली.

"पाह्य याच्याकडे," रितिका म्हणाली.

मी पाहिलं. "रंग बरा धरला गा केसानं. कोणता लावतो? माझी मेहंदी आठ दिवसांत उतरते."

"आजी, शॉक."

मी डोळे मोठे केले. प्रशिकनं मोबाईल खाली घेतला. "आजी, तुम्ही देवीच्या दर्शनाले आल्यासारख्या दिसता."

तोंड उघडलं तर जांभई वाटे, गालावर हात ठेवला तर दाढदुखी. (कवळीले दाढदुखी. पाहा.) मग दोघं मले खरंच दचकवायच्या मागे लागले.

"आजी, मी लग्नच नाही करणार."

"शहाणी आहेस."

"आजी, मी प्रशिकसोबत पळून चालली."

"तो पळन का? दोन जिने चढला तर अजून धापा टाकून राहिला."

"मी सिगारेट पेतो," प्रशिक म्हणाला.

"तुझ्या तोंडाले खोबऱ्याच्या वडीचा वास येऊन राहिला. आमच्या पारशिवनीत माझी मावससासू जात्यावर बसून बिडी ओढे. तू मले काय सांगतो."

शेजारच्या सिंधूताईले मी नेहमी म्हणते, मले दचकवणारा अजून जन्माले यायचा आहे. पण साडेचार वाजले आन् रितिकाचे डोळे भरले. "राहू दे," म्हणाली, "एक आजी धड शॉक होत नाही." ते मले फार लागलं.

"फोटो नसू दे. दुसरी आयडिया आहे," असं म्हणून प्रशिक रंगाचे डबे घेऊन मागच्या गॅलरीत गेला. मी आत जाऊन पातळ बदललं, कवळी वाटीत ठेवली आन् पोरांसाठी चहा करावा म्हणून गाळणी शोधत गॅलरीत गेली.

तिथं माझं मडकं होतं. लांब पोळीचं. चुलीवर उलटं घालून ज्याच्यावर हातभर पोळी भाजतात, ते. कन्हानच्या बाजारात कुंभाराचा जीव खाऊन, एकेक वाजवून निवडलेलं. तापून तापून असं तयार झालं होतं, की नुसतं पाहिलं तरी पोळी सुटून येई.

त्याले डोळे होते. गुलाबी केस होते, ऑइल पेंटचे. ओठात खडूची सिगारेट होती.

"जळकं पडलं होतं, आजी," प्रशिक ब्रश हातात घेऊन म्हणाला. "लोकं आमचं डोकं असंच रिकामं समजतात, म्हणून मी..."

पुढचं मले ऐकू आलं नाही. तोंड उघडलं ते उघडंच. दोन्ही हात डोक्यावर. पदर कुठं, माहीत नाही.

"आजी, हलू नको," रितिका समोर येऊन म्हणाली. खटाक.

प्रशिक तर पायच धरून बसला. रितिकानं मोबाईल पुढं केला. "तू नाही म्हटलं तर नाही लावत. खरंच." चष्म्याशिवाय मले त्यात एक काळं भोक तेवढं दिसलं. पोरीचा चेहरा मात्र चांगला दिसत होता.

"लाव," मी म्हणली. मडकं गेलंच होतं.

शनिवारी सिंधूताईले मिरवत कॉलेजात घेऊन गेली. फाटकावर दाराएवढं पोस्टर. खाली ते मडकं, आन् वर माझं तोंड, बिनदाताचं, आत स्कूटर लावता येईल एवढं. सिंधूताईनं खालची ओळ वाचून दाखवली, "आम्ही मडकी नाही." मग वर पाहिलं. मग माझ्याकडे.

"पंचफुलाबाई, तुम्ही तर कशालेच दचकत नव्हत्या ना?"

फिल्मचा दुसरा नंबर आला. रितिका घरी आली ती चपला काढत बसली, वर पाहीना.

"पहिला काहून नाही आला वं?"

"फिल्म आवडली परीक्षकायले. पोस्टरचे मार्क कापले."

"काहून?"

"म्हणे, मडकं एकदम खरं वाटते. म्हातारीची ॲक्टिंग जरा ओव्हर झाली."